उरलेला घोट कोण पिणार

प्रति,
माननीय अधिकारीसाहेब,
जप्त वस्तू विभाग,
शांतता व सुव्यवस्था कार्यालय.

विषय : प्रभुभोजनाचा जप्त पेला एका आजारी माणसाच्या उशाशी थोड्या वेळापुरता नेऊ देण्याबाबत.

संदर्भ : १) पेला ताब्यात घेतल्याचा आपला आदेश.
२) याच विषयावरचा अर्जदाराचा आधीचा अर्ज. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

महोदय,

अर्जदार ही सरकारी रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला असून, ज्या पेल्यावरून आमच्या मंडळीत हाणामारी झाली तो पेला आयुष्यभर पुसणाऱ्या गृहस्थांची थोरली मुलगी आहे. चर्चमधल्या भानगडी ऐकून साहेबांना वीट आला असेल, याची अर्जदारास कल्पना आहे. वीट अर्जदारालाही आला आहे. तरी एवढे वाचावे.

१) प्रभुभोजनाच्या वेळी आमच्याकडे द्राक्षारसाचा एकच पेला सगळ्यांच्या ओठांना लावतात. पाळकसाहेब पेला देतात आणि शेजारी उभा असलेला माणूस प्रत्येक घोटानंतर फडक्याने कड पुसून पेला थोडा फिरवतो. हे काम अर्जदाराच्या वडिलांचे. सगळ्यांचे झाले की तळाशी उरलेला रस फेकायचा नाही, तो पुसणाऱ्याने प्यायचा, असा जुना दंडक आहे. म्हणजे धडधाकट असोत की खोकणारे असोत, अख्ख्या मंडळीच्या मागून वडील पीत आले.

२) छातीच्या रोगाची साथ आली तेव्हा तरुण लोकांनी प्रत्येकाला वेगळा छोटा पेला द्यावा अशी मागणी केली. अर्जदार त्यांच्या बाजूची होती व आजही आहे. छातीच्या वॉर्डातल्या चादरी जिला रोज वेगळ्या उकळाव्या लागतात तिने दुसरे काय म्हणावे? वडिलांचे म्हणणे असे, की प्रभूच्या पेल्याला रोग चिकटत नाही, आणि ज्याला भावाचे उष्टे चालत नाही त्याने एका पंगतीला बसायचे सोंग करू नये. लेकीनेही मग तोंड आवरले नाही. तेव्हापासून बापलेकीचे बोलणे बंद होते.

३) हाणामारी झाली त्या रविवारी आमच्या लोकांनी छोट्या पेल्यांचे तबक वेदीवर नेऊन ठेवले. जुन्या लोकांनी ते ढकलले, काचा झाल्या. कोणीतरी मोठ्या पेल्याला हात घातला. वडील सोडीनात. ओढाताणीत पेल्याची कड वाकली आणि रस सतरंजीवर सांडला. वडील गुडघ्यांवर बसून तो फडक्याने टिपत होते आणि त्यांच्या डोक्यावरून माणसे एकमेकांच्या गचांड्या धरत होती. आपण दोन्हीकडची भांडी जप्त करून दाराला कुलूप लावले, त्यात आपली काही चूक नाही.

४) आता वडिलांना तोच रोग झाला आहे आणि डॉक्टरांनी हात टेकले आहेत. अर्जदाराने जाऊन बोलणे सुरू केले. आमच्या बाजूचा म्हणून एक नवा छोटा पेलाही ती स्वतः घेऊन गेली होती. वडिलांनी भिंतीकडे तोंड फिरवले. भांडण म्हणून नाही, असे ते नंतर म्हणाले. शेवटचे आहे, तेव्हा त्याच पेल्याने होऊ दे.

५) पेला हवा तर दोन्ही पक्षांची संमती आणा, असे आपल्या कार्यालयाने तोंडी सांगितले. आमच्या पक्षाला वाटते, पेला बाहेर आला की आपण हरलो. अर्जदाराच्या सासऱ्यांनीच सही नाकारली, वर घरभेदी म्हणाले. जुने लोक मात्र सही करायला हौसेने वडिलांच्या घरी जमले. तिथे पाळकसाहेबांनी विचारले, आजाऱ्याचा घोट झाल्यावर उरलेले कोण पिणार? एकाचे दात दुखत होते. एकाच्या घरी तान्हे नातवंड होते. ज्याने त्या रविवारी सर्वांत जास्त गुद्दे मारले तो सुतार म्हणाला, पेल्याचा वाद आधी कायद्याने मिटू दे. मग एकेक जण चपला शोधू लागला. महोदय, मधले दार उघडे होते. वडिलांनी सगळे ऐकले. मग राहू दे, एवढेच ते म्हणाले. जन्मभर ज्या माणसाने सगळ्यांच्या मागून प्यायले, त्याच्या मागून प्यायला कोणी नाही. याची अर्जदाराला लाज वाटते, आणि संतापही येतो.

६) सबब उरलेला घोट अर्जदार पिईल. हा रोग लागतो, असे तिचे मत अजूनही आहे, आणि ते धरूनच ती हे लिहून देत आहे. हमीपत्र जोडले आहे. पेला कार्यालयाबाहेर जाऊ देणे नियमात बसत नसेल, तर वडिलांना खाटेसकट आपल्या गोदामाच्या दारात आणण्याची तयारी आहे. पेल्याला साखळी बांधावी. शिपाईदादांनी साखळी हातात धरून उभे राहावे. वाकलेली कड कोणी सरळ करणार नाही, पुरावा आहे तसा राहील. वडिलांना आता गिळवत नाही. ओठ ओले झाले तरी पुरे.

७) हा परिच्छेद आपल्या कार्यालयाच्या बाकावर बसून नंतर लिहिला आहे. अर्जदार अर्ज घेऊन रांगेत उभी असताना धाकटा भाऊ आला. वडील गेले. खिडकीवरच्या कारकूनबाईंनी पाणी दिले आणि भल्या मनाने सुचवले, की विषयच संपला आहे, तर अर्ज मागे घ्या. अर्जदार अर्ज मागे घेत नाही. विषयाच्या ओळीत फक्त 'आजारी माणसाच्या उशाशी' याऐवजी 'कबरीपाशी' असे वाचावे. मेलेल्या माणसाला पेला देत नाहीत, हे तिला ठाऊक आहे. पाळकसाहेब उद्या माती दिल्यानंतर तिथेच प्रभुभोजन द्यायला तयार आहेत. आता आजाऱ्याचा ओठ त्याला लागणार नाही, तेव्हा जुन्या लोकांनाही भिण्याचे कारण उरले नाही. जे येतील त्यांच्यामागे अर्जदार कड पुसेल आणि तळाशी उरेल ते पिईल. कोणीच आले नाही तर पेला भरलेलाच उरेल. मग तो सगळा ती पिईल.

अर्जदार बाकावरच बसून आहे. कार्यालय बंद होण्याआधी हो की नाही ते कळावे.

आपली नम्र,
(सही)
अर्जदार, पेला पुसणाऱ्यांची मुलगी
दिनांक : आजचाच

सोबत :
१) डॉक्टरांचा दाखला. आता उपयोगाचा नाही, तरी जोडला आहे.
२) उरलेला घोट पिण्याबाबतचे हमीपत्र.
३) पेला पुसायचे फडके जोडलेले नाही. ते धुतले, त्या रविवारचा डाग गेला नाही. अर्जदाराच्या हातात आहे.