बारा वॅट

गिरजे,

मी शिरपूरले जाऊन राह्यलो. आज पंजाबरावाची तेरवी हाय. तुह्या सासरच्याईनं तुले येऊ नको म्हनलं, मले नाही. गाईले पानी पाजलं. भाकर टोपल्यात हाय, उपाशी राहू नको.

तुह्या पायगुनानं तिचा पोरगा गेला, असं तुही सासू गावभर सांगून राह्यली. तू बी ते खरं मानून बसली. म्हनून काल मी आपल्या कापसाच्या जिनातल्या मीटरवर माहाच हात तपासला. बारा व्होल्टची बॅटरी लावली. कोरड्या हातातून अर्धा मिलिअँपिअर गेला, म्हंजे अडथळा चोवीस हजार ओहम. मंग हात ओले केले, पाय पान्यात ठेवले. बारा मिलिअँपिअर गेले. अडथळा राह्यला फक्त हजार.

जिनातली तार एकशे दहा व्होल्टची. त्या दिवशी पंजाबराव इंजिनाच्या पान्याच्या हौदात उभे होते अन् ओल्या हातानंच तार धरली. एकशे दहाले हजारानं भागून पाह्य, मंग एकशे दहानंच गुनाकार कर. बारा वॅट येतात. कचेरीतल्या दिव्याले चाळीस लागतात, मानसाचा जीव घ्याले बाराच पुरले.

या गनितात तू कुठंच नाहीस. मी हाय.

ते कामावर लागले तवा तारेले लय भेत होते. एकशे दहानं काही होत नाही म्हनून मीच त्यायचा कोरडा हात धरून तारेवर ठेवला. समदे हासले, तेही हासले. ओल्या हाताचं मी सांगतलंच नाही.

आज पंगतीसमोर उभं राहून हे सांगतो. वापस आल्यावर मले दार उघडाचं का नाही, ते तू ठरव.

तुहा भाऊ,
रंगराव