साठ कबुतरं आणि चार ड्रोन

फांगल्याओ छावणी, ३ नोव्हेंबर

ती. बाबांस यून-ज्यूचा सा. न. वि. वि.

इथे फोन जमा करून घेतात, म्हणून कागद. काल आमच्या नव्या यंत्राने अकरा वेळा ड्रोन आल्याची बोंब ठोकली. अकराही वेळा तुमची कबुतरं! कॅप्टनबाई म्हणाल्या, तुझे वडील नक्की कुणाच्या बाजूने आहेत?

बाराला तैपेईचे अधिकारी परीक्षा घेणार. चार ड्रोन येतील, ते जाळीच्या बंदुकीने पाडायचे. एकही निसटला तर आमची तुकडी मोडणार आणि मी पुन्हा कोठारात तांदळाची पोती रचणार. त्या दिवशी खुराडं बंद ठेवाल ना? लोभ कबुतरांइतका तरी असावा.

तुमची,
यून-ज्यू

५ नोव्हेंबर

चि. यून-ज्यूस अ. आ.

यंत्राला डोळे आहेत की बटणं? सोळाला कबुतरांची समुद्रावरची शर्यत, माझा तांबडा नर ऐन भरात, आणि तू त्याला कोंडायला सांगतेस! बरं, कोंडतो. लेकीपुढे कुणाचं चाललंय?

पण ध्यानात ठेव, थवा परक्याला आत घेत नाही. त्याच्याभोवती जागा सोडून वळतो. चाळीस वर्षं गच्चीवरून बघतोय. सुपारी सोडलेली नाही, विचारू नकोस. जेवत जा.

बाबा

८ नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न.

पत्र अख्ख्या तुकडीला वाचून दाखवलं, सुपारीसकट! काल सरावाचा ड्रोन तुमच्या थव्यात घुसवला. ती जागा मला दिसली, बाबा, खरंच दिसली!

आता कोंडू नका, साठही सोडा. शत्रू काय आभाळ झाडून देणार आहे? जाळीत एखादं सापडू शकतं, हे मात्र आधीच सांगते. रागावलात तरी लोभ राहू द्या.

यून-ज्यू

१२ नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न.

जिंकलो! तीन ड्रोन सहज पाडले. चौथा थव्याआडून आला. यंत्र त्याला पक्षीच समजत होतं. मला थव्यात भोक दिसलं आणि मी जाळी सोडली. धाडकन खाली! तुकडी राहिली, बाबा!

पण जाळी तांबड्याला घासून गेली. मग तो दिसलाच नाही. घरी आला का? लगेच कळवा. जिवाला चैन नाही.

यून-ज्यू

१४ नोव्हेंबर

चि. यून-ज्यूस अनेक आशीर्वाद आणि एक सलाम.

तांबडा दिवेलागणीला आला, शेपटीची तीन पिसं गमावून. शर्यत हुकली. हुकू दे! ती पिसं माझ्या लेकीने उडवली, असं गल्लीभर सांगत सुटलोय.

साठही परत आली. रोज मोजून झाल्यावरही मी गच्चीवर थोडा थांबतो. एकसष्टावं कधी येतंय, तेवढं कळव.

बाबा