वाकड्या चोचीचा सुरय

१२ मे, जुईनगर

समुद्रावरच्या सुरय पक्ष्यांनी उलव्याच्या मिठागरात अंडी घालावीत म्हणून शुभांगीनं आणि मी लाकडाचे सुरय करून मांडले होते. आज पहिलं अंडं दिसलं. तिच्या सुरयांत! नुसता रंग फासलेले, एकाची तर चोचच वाकडी. माझे हुबेहूब, पण तिकडे एक पाखरू फिरकलं नाही.

मी लांब लांब ठेवले, प्रत्येक नीट दिसावा म्हणून. तिनं दाटीवाटीनं. हे पक्षी शेजार बघून जागा धरतात, हे तिला शिकवलं कुणी? मीच ना!

मघाशी तिचा फोन. "ताई, या ना घरी, सगळे जमलेत." मागे नुसता हसण्याचा गलका.

"डोकं दुखतंय गं."

दुखत कुठे होतं? आता बसलेय एकटी. अंडं त्या वाकड्या चोचीला अगदी खेटून होतं.