राजूरच्या अलीकडे बंद पडलेली गाडी

नाना, काल गॅरेजवाल्यानं मला विचारलं, "मॅडम, वर्षात हजारभर किलोमीटरच चाललीय गाडी. ऑईल फिल्टर बदलू का राहू देऊ?" आणि मला उत्तर देता आलं नाही. एवढ्याचसाठी लिहायला बसले आहे. सारी नोकरी शाळेत गेली, शेवटची वर्षं मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. कुणी सरळ प्रश्न विचारला आणि मी गप्प राहिले, असं झालेलं आठवत नाही. सून शेजारी उभी होती. ती म्हणाली, आई, गाडी बँकेपर्यंत जाते आणि परत येते, कशाला उगीच खोलायची. गॅरेजवाला म्हणाला, चालली नाही तरी वर्षातून एकदा बदलावाच, पुढे तुमची मर्जी. मी "उद्या सांगते" म्हटलं आणि रिक्षा करून घरी आले. तेव्हापासून या खोलीत बसून आहे. गुडघ्यांमुळे तशीही मी फारशी कुठे जात नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, आणि त्या भिंतीवर काल संध्याकाळपासून मला तुमची गाडी दिसते आहे.

भोकरदनच्या घराला लागून पत्र्याची शेड आहे. आत ती काळी गाडी, पाय ठेवायला दोन्ही बाजूंनी रुंद फळ्या, वरून आईच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली खोळ. बदली होऊन गेलेल्या एका अधिकाऱ्यानं ती जाताना तुम्हाला विकली. लढाईचे दिवस, पेट्रोल कुपनावर. घरापासून कचेरी अर्धा मैल. कचेरीतले लोक म्हणायचे, वकीलसाहेब खोळ काढेपर्यंत माणूस दोनदा कचेरीत जाऊन येतो. तुम्ही ते हसण्यावारी न्यायचात. आठवड्यातून एकदा गाडी कचेरीत जायची. एरवी रोज सकाळी आंघोळ झाली की ओल्या केसांनी तुम्ही शेडमध्ये जायचात, गाडी सुरू करायचात, घड्याळात पाच मिनिटं बघायचात आणि बंद करायचात. इंजिनाला जाग राहिली पाहिजे, म्हणायचात. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "देवाच्या आधी गाडीची काकडआरती. आमचा गणपती बसून राह्यलाय पाण्यासाठी."

त्या वेळी मी शेडच्या पायरीवर वही घेऊन बसलेली असे. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक तुम्ही कायद्याच्या पुस्तकासारखं वाचलं होतं, समासात खुणा करून. इंजिनाच्या कडेला टिनाचा एक डबा होता, त्याच्यात नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड गुंडाळी. तेल त्यातून गाळून पुढं जायचं आणि घाण नमद्यात अडायची. ती गुंडाळी आणि तेल अमुक इतक्या हजार मैलांनी बदलावं, असं पुस्तकात लिहिलं होतं. म्हणून वही, गाडी किती मैल चालली ते लिहायला. एकदा मी "सुमारे अर्धा मैल" लिहिलं तर तुम्ही वही माझ्या हातातून घेतलीत. "अंदाज लिहू नको. अंदाज लिहायचा असंल तर भाजीचा हिशोब लिही आईचा." मी सोळा वर्षांची होते. त्यानंतर आयुष्यात मी कुठेही सुमारे हा शब्द लिहिला नाही, मुलींच्या वहीत दिसला तर खोडला.

जालन्याचा मिस्त्री जिनिंगची इंजिनं बघायला भोकरदनला यायचा, तेव्हा आपल्याकडे चक्कर मारायचा. त्याला पुस्तक वाचता येत नव्हतं. तो डब्याला हात लावून म्हणायचा, "वकीलसाब, मैल मत गिनो, महिने गिनो. पाच मिनट चलाके बंद करते, इंजिन गरमच नहीं होता. अंदर पसीना छूटता, तेल में पानी मिलता." तुम्ही पुस्तक पुढं करायचात. "ये किताब तुम लिखे, की बनानेवाले लिखे?" आणि तो पान थुंकून सावकाश म्हणाला होता, "बनानेवाले बिलायत में हैं साब. गाडी भोकरदन में है." तुम्ही हसलात, त्याला चहा पाजलात आणि मला म्हणालात, "मुदत भरायला अजून लई मैल बाकी आहेत. लिहून ठेव." मी लिहून ठेवलं.

जालन्याला मस्तगडात आत्याकडे राहून मी मॅट्रिक झाले, ते मोकळे दिवस घरात बोलून दाखवण्यासारखे नव्हते. परत आल्यावर घर सुरू झालं. आई मागच्या अंगणापर्यंत जाऊ द्यायची. पुढच्या ओट्यावर तुमचे पक्षकार बसलेले, तिथे जायचं नाही. बाजारात जायचं नाही, शेजारी जायचं तर कुणीतरी सोबत पाहिजे. वकिलाची मुलगी आहे, सतरावं लागलंय, लोक बघतात. सकाळची पाच मिनिटं शेडच्या पायरीवर, धुराच्या वासात, एवढंच माझं बाहेर होतं. इंजिन बंद झालं की मीही वही मिटून आत.

हैदराबादच्या मुलींच्या कॉलेजचं पत्र आलं, ते तुम्ही दोनदा वाचलंत. गुरुवारी स्वतः हजर राहावं, दाखले घेऊन, नाहीतर जागा दुसरीला जाईल. त्याच आठवड्यात कुंभार पिंपळगावहून निरोप होता. जमीनजुमल्याचं घर, मुलगा शिकलेला, त्यांना उत्तर हवं होतं. आईला ते घर हवं होतं. तुम्हाला काय हवं होतं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत, पण जेवताना निकाल दिल्यासारखं म्हणालात, "गुरुवारी हैदराबादला पोचली तर शिकंल. न्हाई पोचली तर मंग कुंभार पिंपळगाव. दोन्ही बाजूंनी आता वाद नको." आई म्हणाली, बरं. मीही बरं म्हणाले. मला वाटलं होतं, मी जिंकले. बुधवारी संध्याकाळी जालन्याहून रेल्वे होती आणि तुम्ही दोन महिन्यांचं पेट्रोल न वापरता राखून ठेवलं होतं.

बुधवारी जेवणं झाल्यावर आपण निघालो. आईनं माझ्या तळहातावर दही घातलं आणि आत गेली. माझी ट्रंक मागे बसेना म्हणून माझ्या पायाशी ठेवली. भोकरदनची वेस मागे पडली, दोन्ही बाजूंना नुकती पेरलेली रानं, मुरमाचा रस्ता. गाडी इतका वेळ सलग कधी चाललीच नव्हती. तुम्ही पहिले चार-पाच मैल काहीतरी गुणगुणत होतात. मी तुम्हाला त्याआधी गाताना ऐकलेलं नव्हतं, नंतरही नाही. मग इंजिनातून ठकठक यायला लागली. तुम्ही वेग कमी केलात, ठकठक वाढली. करपलेला वास आला. राजूरच्या गणपतीच्या देवळाचा कळस झाडांवरून दिसायला लागला होता, फार तर दोन मैल राहिले असतील, आणि गाडी एक हिसका देऊन थांबली. तुम्ही झाकण उघडलंत, पाणी ओतलंत, दांडा घालून फिरवायला गेलात. दांडा जागचा हलला नाही. तुमच्या पांढऱ्या सदऱ्यावर कोपरापर्यंत काळे डाग पडले.

जालन्याची मोटार आली ती भरून, टपावर माणसं. थांबली नाही. मग राजूरहून दर्शन करून येणारी एक बैलगाडी थांबली. गाडीत एक म्हातारी होती, प्रसादाचा नारळ मांडीवर. तिनं आपल्याला नीट बघून घेतलं आणि मला विचारलं, कुठं निघाल्ता. मी सांगितलं, हैदराबादला, शिकायला. ती तुमच्याकडे वळली. "बाबा, गणपतीच्या उंबऱ्याशी येऊन बंद पडली. त्येच्या मनात न्हाई. लेकीला घेऊन माघारी फिरा." उलटतपासणीत साक्षीदारांना घाम फोडणारे तुम्ही, नाना, हातातल्या फडक्याकडे बघत उभे राहिलात. गाडी का थांबली हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. पुस्तकाप्रमाणे तिला थांबायचं कारणच नव्हतं. सूर्य कलला, रेल्वे गेली असणार. आपण त्याच बैलगाडीतून परतलो. दुसऱ्या दिवशी दोन बैलजोड्या जुंपून तुमची गाडी भोकरदनच्या बाजारातून ओढत आणली, आणि कुणीतरी म्हणालं, वकीलसाहेबांनी गाडीला बराबर इंजिन लावलं आता. आईनं देवाजवळ साखर ठेवली आणि कुंभार पिंपळगावला माणूस धाडला.

मिस्त्री आला तेव्हा साखरपुडा होऊन गेला होता. त्यानं डबा खोलला. नमदा कुठे आणि घाण कुठे कळत नव्हतं, करपलेल्या दुधाच्या खरवडीसारखा एकच काळा गोळा. इंजिनाच्या तळाशी तसलंच साचून तेलाची जाळी बुजली होती, तेल वर चढलंच नाही, आतलं सगळं जळून जाम झालं. त्यानं तो गोळा कागदावर काढून तुमच्यापुढे ठेवला. एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग बराच वेळ हात पुसत राहिला. तुम्ही वही मागितलीत. पानं उलटत गेलात, अर्धा मैल, अर्धा मैल, अर्धा मैल, माझं अक्षर. आत जाऊन आईला म्हणालात, यात देवाचा काही संबंध नव्हता. ती म्हणाली, देव कशातूनबी बोलतो. आणि शब्द तर दिलेला होता.

सासरचा माणूस वाईट नव्हता. घर मोठं, खाणारी तोंडं बारा. दार होतं, पण त्यातून बाहेर पडायला कारण लागायचं आणि ते कारण दुसऱ्यानं द्यावं लागायचं. किराणा ज्या कागदात यायचा तो सरळ करून मी वाचायची, बातमी फाटलेल्या जागी संपायची. दहा वर्षं. औरंगाबादला यांना नोकरी लागली तेव्हा मी कॉलेजात नाव घातलं. माझ्या वर्गातल्या मुली मला काकू म्हणायच्या. फॉर्म भरायला तुम्ही भोकरदनहून मुद्दाम आलात, दिवसभर व्हरांड्यात माझ्याशेजारी बसलात. माझी शाई संपली तेव्हा तुमचं पेन पुढं केलंत, तेवढंच.

शेवटच्या हिवाळ्यात तुम्ही माझ्याकडे होतात. दुपारची वेळ, तुमच्या खाटेवर ऊन आलेलं. डोळे मिटूनच तुम्ही म्हणालात, "मी मैल मोजीत बसलो, बाई. म्हैने मोजाया पाह्यजे होते. तुझे धा वर्षं गेले त्याच्यात." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही ते उच्चारलंत. मी म्हटलं, असू द्या नाना, आणि चमच्यानं पाणी पाजलं. जाणाऱ्या माणसाला आता कशाला त्रास, असं मी नंतर स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. तुम्हाला ते ओझं घेऊन बसलेलं मला बघायचं होतं. बारा माणसांच्या भाकरी थापताना मला त्याचा आधार वाटायचा.

आज सकाळी मी गॅरेजवाल्याला फोन करून फिल्टर बदलायला सांगितलं. सून म्हणाली, एवढ्या साध्या गोष्टीला दोन दिवस घेतलेत? तिला काय सांगणार. या प्रश्नाचं उत्तर मला सतराव्या वर्षी कुणीतरी हातात दिलं होतं. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणूनच ते इथे लिहिता येतं.

आपण निघालो त्या बुधवारच्या आधीचा सोमवार. तुम्ही केससाठी जाफराबादला गेला होतात, आई मागे धुणं धूत होती. मिस्त्री आला आणि तुमची वाट न बघता त्यानं डबा उघडून आत बोट घातलं. मला म्हणाला, तेलाचं दही झालंय, साहेबांना सांग, गाडी लांब काढू नका. तो शनिवारी हत्यारं घेऊन येणार होता, दोन दिवसांचं काम. शनिवार म्हणजे गुरुवार गेलेला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गाडी काढली नसती, आणि दुसऱ्या वाहनानं मला पाठवण्याइतका हट्ट तुम्ही आईशी केला असता की नाही, याची मला खात्री नव्हती. मला वाटलं, तीस-पस्तीस मैल तर जायचंय. मी अंदाज केला.

तर त्या सोमवारी मिस्त्रीनं माझ्या हवाली केलं ते असं. नमद्याची नवी गुंडाळी एक, उर्दू वर्तमानपत्रात बांधलेली. तांब्याच्या चकत्या दोन. तुमच्यासाठी निरोप एक. गुंडाळी आणि चकत्या मी ट्रंकेत साड्यांखाली घातल्या. राजूरच्या अलीकडे गाडी थांबली तेव्हा त्या माझ्या पायाशी होत्या. निरोप मी ठेवून घेतला.