थेंब न पाहता

सिस्टर, डोळे मिटले की अजून तेच दिसतं: शनिवारची शाळा सुटली आहे, डिचोलीहून बसने तुम्ही माझ्याबरोबर पाळीला आला आहात, आणि तळ्याच्या पायरीवर आपण पोई खात बसलो आहोत. मध्ये जॅमची बाटली, तिच्यात तळ्याचं पाणी. तुमच्या जुन्या झग्याच्या अस्तराची, तारेच्या कड्यावर शिवलेली जाळी पायरीवर वाळते आहे. तुम्ही बाटली उन्हात धरता. "पळय गो, काचेसारखं पाणी म्हणजे उपाशी पाणी. थोडं हिरवं हवं. ते हिरवं या बारीक पाणपिसवा खातात, पाणपिसवांना मासळी." पुस्तकात प्लवक म्हणत, तुम्ही तळ्याचं जेवण म्हणायचात.

नववीत एकदा कंटाळून मी थेंब भिंगाखाली न ठेवताच मागच्या आठवड्याचं चित्र वहीत उतरवलं. तुम्ही ओरडला नाहीत. पानावर लाल पेन्सिलीने लिहिलंत, 'पाहिलंस?' तो शब्द अजून आहे. तुम्ही शाळा सोडून जाताना जाळी आणि मायक्रोस्कोप मलाच दिलात. पुढे मीही टीचर झाले, आता निवृत्त आहे.

तळं आता ओळखणार नाही तुम्ही. पूर्वी उन्हाळ्यात बांधाचं दार उघडून पाणी सोडायचे, गाव मासे धरायचा, खालचा गाळ टोपल्यांनी शेतात जायचा. पोत्यातलं खत आलं आणि गाळ कुणाला नको झाला. तो तळाशीच राहिला, वर कुळागरांतलं, माड-पोफळींना घातलेलं खत आणि घरांचं साबणाचं पाणी उतरू लागलं. खाण चालू होती तोवर लाल मातीने पाणी गढूळ असायचं, ऊन आत जात नसे. खाण थांबली, पाणी निवळलं, आम्ही किती खूश झालो! आता उन्हाळाही सरता सरत नाही. पाणी महिनोन् महिने तापत, न हलता पडून असतं.

मार्चमध्ये शेजारीण कुंपणापाशी आली. "टीचर, पाणी हिरवागार झालां. म्हशीक पाजूंक हरकत नाय मां?" मी ओट्यावरूनच, तुमच्याच आवाजात सांगितलं, "हिरवं चांगलं गो. तळ्याचं जेवण ते." आठवड्यात म्हैस गेली. लोक म्हणाले, पान लागलं असेल, साप डसला असेल. मी मात्र त्या दिवशी मायक्रोस्कोप पुढ्यात ओढला. सिस्टर, थेंबात एकही पाणपिसू नव्हती. नुसते निळ्या-हिरव्या शेवाळाचे गिळगिळीत पुंजके, एकमेकांना चिकटलेले. कुणाला खाता न येणारं, विष सोडू शकणारं.

तेव्हापासून मी दारोदार सांगते आहे. पंचायतीत म्हणाले, "टीचर, गाळ फुडल्या वर्सा काडूया." तिठ्यावर कुणीतरी हसलं, "टीचरनी पास केलेलां पाणी तां, आता नापास कित्याक करतात?" आणि ती शेजारीण, माझ्यावर जिचा सगळ्यांत जास्त विश्वास, गोठ्यात उरलेली गाईची पाडी घेऊन रोज पायरी उतरते. आज सकाळी मी दावं धरलं, हात जोडले. ती माझीच समजूत घालत होती: "तुमीच सांगितल्यात मां बरां म्हणान? म्हशीचा मनाक लावन घेव नुको." पाडीने तोंड पाण्यात घातलं. मी तिथेच उभी होते.

उद्या ती पुन्हा उतरणार आहे. माझंही वय झालं; मी गेले तर तिला कोण अडवील? म्हणून लिहून ठेवते. जाळी शेजारणीच्या सुनेला द्यावी, ती अकरावीपर्यंत शिकली आहे आणि सासूला उलट विचारते. मायक्रोस्कोप गावच्या शाळेला, पण कपाटात कुलपाखाली नको, खिडकीपाशी. माझ्या परसातली विहीर पाडीसाठी, रहाट आणि दगडी डोणीसकट. शेजारणीला त्यासाठी कुणाला विचारावं लागू नये. वही मात्र तिच्याच हातात द्यावी, लाल पेन्सिलीचं पान उघडून, आणि सुनेने ते तिला वाचून दाखवावं.

एवढं वेगळ्या कागदावर उतरवून ठेवीन, हे पत्र मात्र कुणालाच देऊ नये. मार्चमध्ये मायक्रोस्कोप हाताशीच होता, सिस्टर, क्रोशाच्या रुमालाखाली. गुडघे दुखत होते म्हणून पाणी आणायला पायऱ्या उतरले नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. दुखत नव्हते. खूप दिवसांनी कुणीतरी मला काही विचारलं होतं, आणि मला लगेच उत्तर द्यायचं होतं.