अव्वाच्या विहिरीची जिवाणी

कोल्हापूर, गुरुवार

प्रिय सम्मेद,

काल मी आपल्या विहिरीत जाळी सोडली आणि ती रिकामी वर आली. एवढं एक वाक्य लिहून मी मघापासून नुसती बसले आहे. पाणी इतकं नितळ होतं की आतली पायरीन् पायरी दिसत होती, आणि त्या पाण्यात एक जीव नव्हता. शेवाळ नाही, बेडूक नाही, पाण्यावर पळणारे ते लांब पायांचे किडेसुद्धा नाहीत. लहानपणी आपण काठावरून नुसतं डोकावलो तरी मासे वर यायचे. तू फ्रॉकएवढ्या लांब सदऱ्यात चुरमुरे आणून टाकायचास आणि अव्वा स्वयंपाकघरातून ओरडायची, पुरे, पोटं फुटतील त्यांची. तीच विहीर. मी दोनदा खात्री केली की मी चुकीच्या रानात तर आले नाही ना.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. गेल्या आठवड्यात तू म्हणालास, 'अक्का, अव्वाच्या विहिरीत गावाचं खारं पाणी सोडणार? माझी सही मिळायची नाही,' आणि फोन ठेवलास. तुझं चुकलं असं म्हणायला मी बसलेली नाही. मी या वर्गात गेले नसते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि तुझ्यापेक्षा मोठ्या आवाजात. पण फोनवर मला ते नीट सांगताही आलं नव्हतं. आपल्या ओळीतली सगळी रानं मिठानं पांढरी होत चालली आहेत. ती सुधारायची तर जमिनीच्या पोटातून भोकं पाडलेले पाइप टाकायचे, खारं पाणी त्यातून उतारानं एका जागी जमा करायचं आणि तिथून पंपानं पुढं काढून द्यायचं. सगळ्यात खालचा कोपरा आपला आणि त्या कोपऱ्यात आपली विहीर. पाणी जमा करायची जागा तीच. सातबारावर आपली दोघांची नावं आहेत, त्यामुळं तुझ्या सहीशिवाय कुणाच्याच रानात पाइप पडणार नाही. गोष्ट एवढीच आहे, आणि ती एवढीच नाही हे मला काल कळलं.

मी या वयात पुन्हा बाकावर बसले याची तू चेष्टा केली होतीस. कर. जमीन सुधारणा आणि पाण्याची देखरेख, असं आमच्या अभ्यासक्रमाचं लांबलचक नाव आहे. पाइप टाकून झाले की पुढं कित्येक वर्षं कुणाला तरी पाण्यावर लक्ष ठेवावं लागतं, ते किती खाली गेलं, मीठ किती उतरलं. गावाला त्यासाठी शिकलेलं माणूस हवं होतं, आणि जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाईला दुपार खायला उठत होती. मला पगारही मिळणार आहे, हसू नकोस. वर्गात सगळी नोकरीसाठी आलेली पोरं. कागलची अनुजा म्हणून एक मुलगी माझ्या शेजारी बसते. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, 'मावशी, स्थळ बघायला आलाय काय आमच्यात?' मी म्हटलं, आले होते, पण तुझा आवाज ऐकून मुलाकडचे पळाले. तेव्हापासून आमची गट्टी आहे. ती अजून 'मी जातो, मी आणतो' असं बोलते, आपल्याकडच्या पोरी बोलतात तशी. मीही तशीच बोलायचे, कॉन्व्हेंटनं ते घालवलं. तिच्या तोंडून ऐकलं की घरी आल्यासारखं वाटतं.

कॉन्व्हेंटची आठवण सध्या फार येते. वसतिगृहात मला सोडलं तेव्हा बाकीच्या मुलींच्या आयांनी लाडू दिले होते, आपल्या अव्वानं जाड पांढऱ्या कापडाचं गाळणं दिलं. दुहेरी घडी घालून नळाला बांधायचं आणि त्यातून आलेलंच पाणी प्यायचं. मुली मला 'चहावाली' म्हणायच्या. एकदा सिस्टर फिलोमिनांनी ते कापड पाहिलं. मला वाटलं, आता काढायला लावतात. त्यांनी फक्त विचारलं, कापडात जे उरतं त्याचं काय करतेस? उत्तर मला पाठ होतं. कापडावर उरतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव, ती जिवाणी, आणि जिवाणी ज्या पाण्यातली त्याच पाण्यात परत द्यायची. घरी अव्वा तळाला कडी असलेली छोटी कळशी दोरानं अलगद खाली सोडायची, पाण्याला टेकली की हिसका देऊन उलटी करायची, म्हणजे उंचावरून पडून कुणी मरू नये. पण नळात परत कशी देणार? मी कापड शाईच्या रिकाम्या बाटलीत पिळत राहिले आणि दिवाळीच्या सुट्टीत ती बाटली मोठ्या अभिमानानं आपल्या विहिरीत रिकामी केली. तू तेव्हा अव्वाच्या कडेवर होतास. ती रागावली नाही, घाबरली. 'अगं, परक्या पाण्यातले जीव ते. इथं त्यांना कोण आहे?' एवढंच म्हणाली आणि दिवसभर जेवली नाही. पुढं आप्पा ही गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. पण सुट्टी संपवून वसतिगृहात परतले की खाटेवर पडल्या पडल्या मला अव्वाचा तोच प्रश्न आठवायचा.

आता दुसरी गोष्ट, जी ऐकून मी वर्गातून उठून बाहेर गेले होते. आमच्या सयाजी सरांनी फळ्यावर एक उतार काढला. वर माळ, मधे ऊस, खाली ओढा. म्हणाले, पाटानं नुसतं पाणी सोडत राहिलं की ते मुरून खाली येतं, खालची जमीन पोटातून भरत जाते आणि वर येणारं पाणी मीठ घेऊन येतं. मग विचारलं, ओळखायचं कसं? आणि तेच म्हणाले, भर उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जायचं सोडून वर यायला लागलं की समजायचं, रान बुडायला लागलं. लोक मात्र नारळ फोडतात. वर्ग हसला.

सम्मेद, आपण साखर वाटली होती.

मे महिन्यात काठावरून वाकून तांब्या बुडवता यायला लागला तेव्हा आप्पांनी गावभर साखर वाटली होती. जैन बस्तीतल्या पंडितांना बोलावून विहिरीची पूजा केली. 'हिच्या गाळण्याची पुण्याई,' असं ते अव्वाकडं बोट दाखवून चारचौघांत म्हणाले आणि ती लाजून आत गेली. दर उन्हाळ्यात अव्वा दोर थोडा कापायची, कारण एवढा लांब दोर आता लागत नव्हता. कापलेले तुकडे ती जपून ठेवायची, लोणच्याच्या बरण्यांची तोंडं त्यांनी बांधायची. दोर आखूड होणं म्हणजे आपल्या घराची भरभराट. दर तुकड्याबरोबर आपलं रान खालून बुडत होतं आणि आपण सगळे त्या काठावर उभे राहून हात जोडत होतो. मी भूगोल शिकवत होते, सम्मेद. पोरांना नकाशात पाणी दाखवत होते.

काल वर्गाला आपल्याच गावाला नेलं. पेठ वडगाव सोडून गाडी आत वळली, समोर जोतिबाचा डोंगर दिसायला लागला आणि अनुजा म्हणाली, मावशी, तुमचं माहेर आलं, साडी नीट करा. खाली उतरले तर शेजारच्या गुंडूमामांच्या रानात मेंढरं बसली आहेत असं वाटलं. मेंढरं नव्हती, मीठ होतं. चपलेखाली कुरकुर वाजत होतं. त्याच्या पुढं आपलं रान, आणि तेही तसंच. वाटेकरी दर वर्षी 'यंदा जरा कमी आलं' म्हणायचा आणि आपण 'असू दे' म्हणायचो. आपल्या दोघांपैकी कुणी या बाजूला फिरकलंच नाही. तू येतोस तेही काठावर उभा राहून कॅन भरतोस आणि निघतोस. रानात रोवलेल्या नळीत अनुजानं टेप सोडला तर गुडघाभर खाली पाणी लागलं. मग तिनं विहिरीतून बाटलीभर पाणी काढून त्यात खारटपणा मोजायचं मीटर बुडवलं, आकडा पाहिला, मीटर धुतलं, पुन्हा बुडवलं. 'मावशी, बिघडलं वाटतंय हे,' म्हणाली. मी बोट बुडवून जिभेला लावलं. बिघडलं नव्हतं. तू ज्या पाण्यानं बेंगळुरूच्या घरी देवाला अभिषेक करतोस ते हे पाणी आहे. गेल्या कित्येक वर्षांत ते तू किंवा माझ्या भावजयीनं, रूपालीनं, चाखून पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

आम्हांला बघून गुंडूमामा आणि त्यांच्या धोंडुबाई बांधावर आले. धोंडुबाई मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, 'अक्का, ह्या वयात बुटं घालून रानात? नवऱ्यानं घालवलं व्हय घरातनं?' पोरं खूप हसली. गुंडूमामा नाही हसले. मी त्यांना विचारलं, सह्या झाल्या का सगळ्यांच्या? ते म्हणाले, 'झाल्यात की. तुमच्या हिरीवर थांबलंय. पर देवाच्या पाण्याची हिर हाय ती, आमी कोण बोलणार? आमचा आकाराम लागलाय कागलला कारखान्यात. रान गेलं तर गेलं.' त्यांनी माझ्याशी भांडावं असं मला वाटत होतं. ते उलट मला चहाला बोलवत होते. दुष्काळात अव्वानं गावाला पाणी दिलं होतं ते अजून त्यांच्या लक्षात आहे. त्या पाण्याच्या मोबदल्यात हा माणूस आपलं रान मरू द्यायला तयार आहे.

आज सकाळी मी एकटीच परत गेले. जाळी नेली नाही, अव्वाचं गाळणं नेलं. हात दुखेपर्यंत कळशीमागून कळशी त्यातून गाळली, मग कापड काचेच्या बरणीत उलटं करून धुतलं आणि बरणी उन्हाकडं धरली. तीन-चार ठिपके हलत होते, पिसवांसारखे, टुणटुण उड्या मारत. मी काठावर बसून रडले. दुपारी वर्गात सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, मॅडम, तुम्ही सही द्या नाहीतर नका देऊ, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या विहिरीत हेही उरायचे नाहीत. बरणी आता माझ्यासमोर टेबलावर आहे, तोंडाला अव्वाचंच कापड बांधलेलं. नियमानं त्यांना त्याच पाण्यात परत द्यायला हवं आणि ते माझ्या हातून होणार नाही. माळावर गुंडूमामांची दुसरी विहीर आहे, तिचं पाणी अजून गोड आहे. मी सरांना विचारलं, ते पाणी जातं कुठं? म्हणाले, जमिनीच्या पोटातून उतरत तुमच्याच विहिरीकडं. मग ते परकं पाणी नाही ना? हा प्रश्न मला सरांना विचारता आला नाही, म्हणून तुला हे पत्र. सहीचं तू नंतर ठरव, पण आधी ये, बरणी फार दिवस थांबणार नाही. जिवाणी सोडताना अव्वाच्या घरातली आपण दोघं तरी काठावर असायला हवीत. कडीची कळशी मी चिंच लावून घासली आहे. तिचा दोर माळावर पुरणार नाही, तिथं पाणी खोल आहे. मी नवा आणला आहे, चांगला लांब.

तुझीच,
अक्का