मला न झालेल्या हर्नियाविषयी

नेरूळ,
रविवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

तीर्थस्वरूप वन्संना,

विजयमालाचा नमस्कार. साष्टांग लिहीत नाही, कारण मला वाकायला डॉक्टरीणबाईंनी सक्त मनाई केली आहे. हा नमस्कार लोडाला टेकून, मान जरा खाली करून घातलेला आहे, तेवढाच पदरात घ्या. तुमची तब्येत बरी आहे ना? भाऊजींचा खोकला कमी झाला का? थोरली म्हैस व्यायची होती, व्याली का? मी ठीक आहे. म्हणजे जिवंत आहे, जेवते आहे आणि रागात आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. वन्सं, तुमच्याकडचा फोन कायम स्पीकरवर असतो. ऑपरेशन होऊन घरी आले म्हणून तीन आठवड्यांमागे रविवारी मी फोन केला, तर भाऊजी, दोन्ही पोरं आणि रतिबाचं दूध न्यायला आलेला तो माणूस, सगळे ऐकत असताना तुम्ही म्हणालात की एवढ्याशाला कुणी ऑपरेशन करतं का, होतंच बायकांना, शहरात राहून लाड झालेत नुसते. लाड! मी फोन ठेवला आणि रात्रभर छताकडे बघत पडले (कुशीवर वळायलाही तेव्हा भीती वाटायची). हे लाड नव्हते, हे मला तुम्हाला पटवायचंच आहे. त्याशिवाय मी हे पेन खाली ठेवणार नाही, तेव्हा चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा.

गेली सहा-सात वर्षं माझं अंग बाहेर येत होतं. झालं, लिहिलं. भिंत पडली नाही की पंखा निखळला नाही. आमच्या घरात मात्र हे चार शब्द उच्चारले की सगळे इकडेतिकडे बघायला लागतात. उभं राहिलं की खाली ओढ, शिंकलं की धास्ती, संध्याकाळपर्यंत चालणं असं की दोन पायांत काहीतरी अडकलंय. लघवीला गेले तरी मोकळं वाटायचं नाही आणि परत आले की पुन्हा जावंसं वाटायचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गर्भाशयाची पिशवी धरून ठेवणारे स्नायू सैल झालेत, बाळंतपणं आणि वर्षानुवर्षांची ओझी. कुठली ओझी ते त्यांना काय सांगायचं? शिरवण्याच्या चाळीत आम्ही होतो तेव्हा खालच्या नळावरून तिसऱ्या मजल्यावर हंडे कोण चढवत होतं? तुमचे बंधुराज वाशीच्या मार्केटात माथाडी, दिवसभर पोती वाहून दमलेले, त्यांना घरात हंडा उचलायला कसा सांगायचा! पोत्याची मजुरी मिळते, हंड्याची नाही, म्हणून हंडा हलका असतो असा त्यांचा समज होता. आधी काही महिने आत रबराची रिंग बसवून पाहिली, ती काही माझ्याकडे टिकेना. मग ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशनच्या आधी व्यायाम दिले होते. आतल्या आत आवळून धरायचं, मनात आकडे मोजायचे, सोडायचं. बाहेरून काही दिसत नाही, कुठेही करा, असं त्या व्यायामाच्या मुलीने सांगितलं. दिसत नाही कसलं! आमच्या सोसायटीची वार्षिक सभा चालली होती, पार्किंगवरून नेहमीची बोंबाबोंब. मी म्हटलं, वेळ फुकट कशाला घालवा, आणि लागले आवळायला. माझा चेहरा बघून सेक्रेटरी सुभाषराव थांबले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, काकूंचा ठरावाला विरोध दिसतोय. मी त्या वेळी मोजत होते, बोलणार कशी? तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी काकूंचं बरोबर आहे म्हणून ओरडलं आणि ठराव बारगळला. आता आमच्या विंगमध्ये मी कडक बाई म्हणून प्रसिद्ध आहे.

तुमच्या बंधुराजांना डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम समोर बसवून सगळं समजावलं. जड उचलू द्यायचं नाही, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, आणि निदान दीड-दोन महिने, त्या सांगेपर्यंत, नवराबायकोचे संबंध ठेवायचे नाहीत. बाई अगदी सरळ, भाजीचा भाव सांगावा तसं बोलल्या. तर हे पंख्याकडे बघत म्हणतात कसे, आम्ही माळकरी आहोत डॉक्टर. माळकरी! आदल्याच दिवशी या माणसाने सुरमईच्या चार तुकड्या हाणल्या होत्या. आणि माळेचा याच्याशी काय संबंध, हेही मला कुणी सांगावं. बाहेर आल्यावर मलाच ओरडले, असल्या ठिकाणी मला आणायचं नाही म्हणून. मी म्हटलं, असल्या ठिकाणी मी तुमच्यामुळेच आले आहे, मला का कौतुक आहे?

ऑपरेशन व्यवस्थित झालं. खालूनच पिशवी काढली, सैल झालेल्या भिंती शिवल्या, पोटावर एक टाका नाही. दुसऱ्या दिवशी चालायला लावलं तेव्हा लघवीची नळी आणि तिची ती पिशवी माझ्याबरोबर होती. ती दिसू नये म्हणून प्रियदर्शिनीने (सून गुणाची आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही) आपल्या महाप्याच्या ऑफिसातून मिळालेली कापडी झोळी आणली आणि त्यात ती ठेवली. मी कॉरिडॉरमधून कंपनीच्या नावाची झोळी घेऊन फेऱ्या मारत होते, आणि शेजारच्या खोलीतल्या आजोबांनी मला विचारलं की तुमची कंपनी औषधाचीच का.

आता मुख्य रागाचं. मी दवाखान्यात भुलीतून डोळे उघडत होते, तेव्हा इकडे यांनी खाली वॉचमनपासून पाचव्या मजल्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं की मिसेसचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. का, तर लोक काय म्हणतील. मी घरी आले आणि चौथ्या दिवशी यांची जुनी टोळी मला बघायला हजर. मार्केटातले सात-आठ बाप्ये, हातात केळी. वन्सं, हर्निया म्हणजे माथाड्यांचं घरचं दुखणं. एकेकाने शर्ट वर करून आपापले टाके दाखवले. माझ्या दिवाणासमोर रांगेने उभी राहिलेली ती पोटं मी मरेपर्यंत विसरणार नाही. कुणाचा कांद्याच्या पोत्याने फाटला, कुणाचा गुळाच्या ढेपेने, गप्पा रंगल्या, चहाची दुसरी फेरी झाली. मग एकाने आपुलकीने विचारलं, वहिनींचा कुठल्या अंगाला? हे म्हणाले उजव्या. नंतर पाणी द्यायला गेले आणि दुसऱ्याला म्हणाले डाव्या. दोन्हीकडे झाला म्हणून सगळे हळहळले आणि वहिनी धीराच्या आहेत म्हणून माझं कौतुक करून गेले.

मी त्या दिवशी रडले, वन्सं. खोटं कशाला सांगू? त्यांचं ओझ्याने झालं आणि माझंही ओझ्यानेच झालं. मग त्यांनी शर्ट वर करून सांगायचं आणि मी माझं दुसऱ्याच्या नावावर खपवायचं, असं का? मी काय चोरी केली होती? यांना मी तसं विचारलं, तर म्हणाले, तू आधी आराम कर.

आणि आराम तरी कसा? जड उचलायचं नाही म्हटल्यावर हे घरातली एकेक वस्तू हातावर तोलायला लागले. उभा जन्म पोती वाहिलेला माणूस, तळहातावर घेतलं की वजन सांगतो. पाण्याने भरलेला तांब्या घेतात, वर-खाली करतात, म्हणतात, हा चालेल. कुकर घेतात, हा नको. आणि जिथून घेतलं तिथे परत ठेवून पेपर वाचायला बसतात. नको म्हटलेला कुकर गॅसपर्यंत कोण नेणार, हा प्रश्न त्यांच्या खात्यात येतच नाही. मी संडासला गेले की मात्र बाहेर उभे राहून ओरडतात, जोर करू नको गं! आमच्या बिल्डिंगचा डक्ट असा आहे की हे वाक्य तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना पाठ झालंय. परवा वरच्या मजल्यावरच्या पोराने जिन्यात मला बघून ते म्हणून दाखवलं आणि आईचा धपाटा खाल्ला.

हर्निया मेला तो बायजाबाईमुळे. दिवाळे गावाहून मासळी घेऊन येते ती, तुम्हाला माहीत असेल, डोक्यावर पाटी आणि खणखणीत आवाज. मी दारात आले, पण खाली बसून बोंबील निवडेना, म्हणून तिने विचारलं काय झालंय. मला हर्नियाचा इतका उबग आला होता की मी हळूच खरं सांगून टाकलं. त्या बाईला हळू बोलणं ठाऊकच नाही. आख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाली, ‘अगो बाय, अंग भायेर आलता तुजा? मंग त्यान लाजाचा काय हाय? माजा पन येतंय!’ घरात यांच्या हातातला पेपर खाली पडला. बायजाबाईने ताज्या बोंबलाचं कालवण आठवडाभर प्यायला सांगितलं, पाटी डोक्यावर चढवली आणि तसंच पायऱ्या उतरत गेली. कालवणाने तोंडाला चव आली, बाकी काही नाही. पण ती पाटी घेऊन उतरताना मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला फार वाईट वाटलं. डॉक्टरांकडे चल म्हटलं, तर म्हणाली, धंदा कोन करील?

आता आमची अब्रू जाणार म्हणून हे दोन दिवस खाली उतरले नाहीत. पण गंमत ऐका. त्याच दुपारी समोरची मोनालीची सासू वाटी घेऊन साखर मागायला आली. त्यांच्याकडे चहा कुणी घेत नाही, साखर पडूनच असते. वाटी हातात धरून बसली आणि म्हणाली, मलाही होतं हो, मी कुणाला बोलले नाही, कापडाची घडी लावून वावरते. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका आल्या, आयुष्यभर पोरांना शरीरशास्त्र शिकवलेल्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि मगच तोंड उघडलं. मग आणखी दोघी. एका विंगमध्ये एवढ्या जणी, वन्सं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपणच तेवढ्या. कुणी देवाला जायचं सोडलं, कुणी लेकीच्या बाळंतपणाला गेली नाही, कुणी नातवाला उचलून घेत नाही आणि सगळे म्हणतात, आजीला माया नाही. याला लाड म्हणायचे असतील तर म्हणा. मला तर हा सगळा शहाण्यासुरत्या बायकांचा मूर्खपणा वाटतो, आणि त्यात मी सहा-सात वर्षं सामील होते म्हणून जास्तच संताप येतो.

असो. हात दुखायला लागला. भाऊजींना नमस्कार सांगा, पोरांना अभ्यासाला बसवा, म्हैस व्याली असेल तर खरवसाची आठवण काढते आहे असं समजा.

तुमची,
(हर्निया न झालेली) भावजय
विजयमाला

ता. क. आता राग बाजूला ठेवून ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. त्या रविवारी सगळ्यांसमोर मला बोलून झाल्यावर तुम्ही फोन घेऊन गोठ्याकडे गेलात. मला म्हैस ऐकू आली. मग आवाज बारीक करून म्हणालात, अगं, रात्री आडवं पडलं की जातंय आपोआप आत, त्याला कापायचं कशाला. वन्सं, हे तुम्हाला कसं ठाऊक? मी सांगितलं नव्हतं. ज्या बाईला होतं तिलाच ते कळतं. आमच्या उदयच्या लग्नात तुम्ही उपास आहे म्हणून पंगतीला बसला नाहीत, आणि मागाहून मी पाहिलं तर भिंतीला टेकून उभ्याने भात खात होतात. एस.टी.त बसवत नाही म्हणून तुम्ही येत नाही आणि मुंबईचं पाणी बाधतं म्हणून सांगता. मला आता सगळं कळलंय. दसऱ्यानंतरच्या सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे तुमचं नाव घातलं आहे. नुसतं दाखवायचं. व्यायामावर भागेल, रिंगवर भागेल, नाहीतर ऑपरेशन. ते त्या ठरवतील. प्रियदर्शिनी गाडी घेऊन तुमच्याकडे कोरेगावला येईल, मागच्या सीटवर आडवं पडून या.

ता. क. दुसरा. गावात मोतीबिंदू सांगा. तुमच्या भावाला मी गुडघा सांगितला आहे, तेव्हा इथे आल्यावर थोडं लंगडा. (खोट्यावर एवढी चिडते आणि हेच शिकवते, असं म्हणाल. म्हणा. आधी बऱ्या व्हा, मग दोघी मिळून खरं बोलू.) भावाबद्दल वर लिहिलंय त्यातलं एक अक्षर खोटं नाही. पण मला वाकता येत नाही म्हणून रोज संध्याकाळी ते खाली बसून माझ्या पायात चपला घालतात. हे मी लिहिल्याचं त्यांना कळता कामा नये. वाचून झालं की पत्र बंबात घाला.

ता. क. शेवटचा. मागे आलात तेव्हा हायवेच्या स्टॉपवरून घरापर्यंत घेवड्याची गोणी आणि गुळाची ढेप स्वतः उचलून आणलीत. मी रागावले तर म्हणालात, भावाच्या घरी हात हलवत कशी येऊ? मला आत्ता तुमच्या पाया पडता येत नाही, म्हणून लिहूनच पाया पडते. वन्सं, या वेळी हात हलवत या.